आधी पाणी, मग मासे

खाडीतला मासा हौसेनं पाळून त्याचे खेळ न्याहाळल्याची एक फार जुनी नोंद जावा बेटावरची आहे. बटाव्हिया, म्हणजे आजचं जकार्ता, इथे डचांचं इस्पितळ होतं आणि त्याचे प्रमुख होते हॉमेल नावाचे गृहस्थ. किनाऱ्यालगतच्या आणि नदीकाठच्या उथळ पाण्यात एक मासा तोंडातून पाण्याचा थेंब मारतो आणि झुडपावर बसलेली माशी खाली पाडतो, चार-पाच-सहा फुटांवरूनसुद्धा, असं त्यांच्या कानावर आलं. हॉमेलनी एक मोठं पसरट पिंप घेतलं, त्यात समुद्राचं पाणी भरलं आणि ते मासे पकडून आत सोडले. पिंपाच्या कडेला बारीक काठी बसवून तिच्या टोकाला टाचणीनं माशी अडकवली. मासे हळूहळू रुळले आणि रोज त्या माशीवर नेम धरू लागले. १७६४ साली योहान आल्बर्ट श्लोसर यांनी ही हकिकत लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानं कळवली आणि ती सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली.

त्या पत्रात एक बारीकशी गोष्ट आहे. ती वाचताना मी थांबले. पिंपातलं पाणी एक दिवसाआड बदललं जाई, असं श्लोसर सांगतात. तीस-बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलेल्या आणि घरी खाडीची टाकी सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला त्या नेमबाजीपेक्षा ही नोंद मोलाची वाटते. मासा जे खातो त्यातलं नत्र तो बहुतांशी अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून बाहेर टाकतो. नदीत, खाडीत ते वाहून जातं, भरती-ओहोटी ते धुऊन नेते. पिंपात ते साचतं आणि माशाला मारतं. हॉमेलच्या काळात अमोनियाचं हे गणित कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं होतं की पाणी बदललं की मासे जगतात, आणि समुद्र दाराशी असल्यामुळे ते त्यांना जमत होतं. समुद्रापासून चार मैल आत राहणाऱ्याला हा मासा पाळता आला नसता. पाणी न बदलता मासा जगवायचा कसा, हे कळायला पुढची दोन शतकं गेली. ती गोष्ट मला सांगायची आहे, कारण ती खाडीपासून सुरू झाली आणि खाडीलाच विसरून पुढे गेली.

श्लोसरच्या बाबतीत एक गफलतही झाली. पत्रासोबत लंडनला जो नमुना गेला तो भलत्याच माशाचा होता, लांब चोचीच्या प्रवाळमाशाचा. तो मासा काही थेंब मारत नाही. खरा नेमबाज, टॉक्सोटिस, नंतर पोचला आणि १७६७ मध्ये पीटर पालास यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याच्याच एका भाऊबंदाचं वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टननी १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात केलं. म्हणजे हा मासा आपल्याकडचा आहे. सुंदरबनाच्या खाड्यांमध्ये खारफुटीच्या फांद्यांखाली तो आजही हिंडतो.

आता लंडन. १८४५ साली इंग्लंडात काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. अपॉथेकरीज हॉलमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनतज्ज्ञ होते. त्यांनी एका काचेच्या टाकीत दोन गोल्डफिश सोडले, तळाशी वाळू-माती घातली आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. वनस्पती प्राणवायू देईल, मासा कर्बवायू देईल आणि दोघांचं जमेल, हा त्यांचा हिशेब. काही काळानं वनस्पतीची जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्यांनी तळ्यातल्या काही गोगलगाई आत सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पानं खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि पाणी नितळलं. १८५० मध्ये त्यांनी हे निरीक्षण केमिकल सोसायटीपुढे मांडलं. वनस्पती, मासा आणि सफाई करणारा जीव असे तिघं मिळून पाणी टिकवतात, ही कल्पना तिथून जगभर गेली.

पुढची काही वर्षं इंग्लंडात या छंदाचं वेडच होतं. फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाच्या मदतीनं १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं. १८५४ मध्ये गॉसनी समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी कृत्रिम समुद्रजलाची कृती दिली: साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. आज दुकानात समुद्री मिठाची पिशवी मिळते तिची ही पणजी. या वेडाची किंमत किनाऱ्यानं मोजली. लोकांनी खडकांमधली डबकी ओरबाडून नेली. गॉस यांचा मुलगा एडमंड यानं पुढे १९०७ साली वडिलांवरच्या पुस्तकात त्या उजाड झालेल्या किनाऱ्याबद्दल फार कळवळून लिहिलं आहे. इथे रत्नागिरीत आमच्या भाट्याच्या खाडीकाठी शनिवारी-रविवारी पोरं बाटल्या घेऊन उतरतात तेव्हा मला एडमंड गॉस आठवतो.

या साऱ्या धामधुमीत टाक्यांचे दोनच प्रकार रूढ झाले, गोड्या पाण्याची आणि समुद्राची. मधलं मचूळ पाणी कुणी विचारात घेतलं नाही. कारण उघड आहे. इंग्लंडातल्या हौशी माणसाकडे गावचं तळं होतं किंवा सुट्टीत गाठायचा समुद्रकिनारा होता. आमच्यासारखी भरतीला फुगणारी, पावसाळ्यात गोडी होणारी आणि वैशाखात समुद्राइतकी खारट होणारी उष्ण खाडी त्याच्या अनुभवातच नव्हती.

वॉरिंग्टन यांच्या सिद्धांतात एक मोठी जागा रिकामी होती. वनस्पती नसलेल्या टाक्याही चालत होत्या. विल्यम आल्फर्ड लॉइड हे पूर्वी लंडनला मत्स्यपेट्यांचं दुकान चालवत. त्यांनी १८६४ मध्ये हॅम्बुर्गचं आणि १८७१ मध्ये क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय उभारलं. त्यांची रीत अशी, की लोकांना दिसणाऱ्या टाक्या लहान, आणि जमिनीखाली अंधारात त्यांच्या कितीतरी पट मोठा हौद. पाणी रात्रंदिवस हौदातून टाक्यांत आणि टाक्यांतून हौदात फिरत राहायचं. वर्षानुवर्षं तेच पाणी, आणि मासे ठणठणीत. लॉइड यांचा भर पाण्याच्या हालचालीवर आणि त्यात मिसळणाऱ्या हवेवर होता आणि तो बरोबरच होता. पण आज आपण सांगू शकतो की त्या अंधाऱ्या हौदाच्या भिंतींवर आणि नळांच्या आतल्या बाजूला न दिसणारे जीव वाढले होते आणि खरं काम तेही करत होते. त्यांना प्रखर उजेड मानवत नाही, हवेशीर वाहतं पाणी लागतं. लॉइडनी त्यांना नकळत उत्तम घर बांधून दिलं होतं.

हे जीव सापडले ते मात्र मत्स्यालयात सापडले नाहीत. ते सापडले पॅरिसच्या सांडपाण्यात.

१८७७ साली थिओफिल श्लोझिंग आणि आशिल म्यून्ट्झ या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी केलेला प्रयोग मी दरवर्षी वर्गात फळ्यावर काढून दाखवत असे. शहराचं सांडपाणी शेतजमिनीत मुरवलं तर ते शुद्ध होतं, हे लोकांना ठाऊक होतं. ते का होतं, हा प्रश्न होता. त्यांनी मीटरभर लांबीची काचेची नळी घेतली. तिच्यात वाळू आणि चुनखडीची पूड भरली. वरून सांडपाणी थेंबथेंब सोडलं आणि खालून निघेल ते तपासत बसले. वीस दिवस काहीच घडलं नाही. वर जितका अमोनिया, खाली तितकाच. मग खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागलं, वाढत गेलं, आणि अखेर अमोनिया उरलाच नाही. वाळू आणि चुनखडी रासायनिक क्रियेनं हे करत असत्या तर पहिल्याच दिवशी केलं असतं. वीस दिवस वाट का पाहिली? दोघांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जन्म काढलेल्या माणसाला क्लोरोफॉर्म काय करतो हे सांगायला नको. नायट्रेट थांबलं. वाफ काढून टाकली तरी ते परतलं नाही. मग ताज्या मातीचं धुवण नळीत ओतलं, आणि काही दिवसांत नायट्रेट पुन्हा सुरू झालं. नळीत काहीतरी जिवंत होतं, ते मेलं होतं, आणि विरजण लावावं तसं मूठभर मातीनं ते पुन्हा लागलं होतं.

आज टाकी ‘सायकल’ करायची म्हणतात ती हीच क्रिया. तीन-चार आठवडे लागतात म्हणतात तो काळही श्लोझिंग आणि म्यून्ट्झ यांच्या नळीतून आलेला नसला तरी तिथे लिहून ठेवलेला आहे.

यानंतरचा भाग मला या इतिहासात सगळ्यात प्रिय आहे. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात एका रसायनतज्ज्ञानं हा धागा उचलला. मातीत अमोनियाचं नायट्रेट होतं ते एका दमात होत नाही, दोन टप्प्यांत होतं, असं त्यानं दाखवलं. एक जीव अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. या माणसाचं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. गोल्डफिश आणि गोगलगाईंच्या टाकीवाल्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांचा हा मुलगा. वडिलांनी ती टाकी मांडली तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता आणि रसायनशास्त्राचे पहिले धडे त्यानं वडिलांच्याच प्रयोगशाळेत घेतले. वडिलांच्या सिद्धांतातली रिकामी जागा मुलानं शेताच्या मातीत शोधून भरली. दुःख एवढंच की बाप १८६७ मध्येच गेला होता.

ते जीव वेगळे काढणं मात्र मुलाला साधलं नाही. सेंद्रिय अन्न घातलेल्या जिलेटिनवर ते वाढेनात. १८९० मध्ये झुरिकला सर्गेई विनोग्राद्स्की यांनी मर्म ओळखलं. या जिवांना सेंद्रिय अन्न नकोच असतं, अमोनियाच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर ते जगतात आणि कर्बवायूपासून आपलं शरीर घडवतात. अन्न काढून घेतल्यावर ते वाढले. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावं त्यांनीच दिली.

एवढं सगळं १८९० च्या सुमाराला कळलं होतं, तरी मासे पाळणाऱ्यांपर्यंत ते पोचायला पुढची साठ-सत्तर वर्षं लागली. शेतीचं शास्त्र एका कपाटात, मत्स्यालयाचं दुसऱ्या. हौशी माणसं वॉरिंग्टन थोरल्यांचंच गणित घोकत राहिली: इतक्या माशांना इतक्या वनस्पती. १९४९ साली न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातले जेम्स ॲट्झ यांनी ते गणित भ्रामक असल्याचं स्पष्ट लिहिलं. त्यानंतर तळाच्या खडीखालून पाणी ओढणारी गाळणी घरोघर आली, आणि खडीवर बसलेले जीव हीच खरी गाळणी, हे हळूहळू सर्वांना पटलं. १९६१ मध्ये ली चिन एंग या गृहस्थांनी अमेरिकेतल्या मत्स्यछंदाच्या एका मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातला जिवंत खडक, वाळू आणि थोडी हवा, यंत्रं जवळजवळ नाहीत. सगळं जुनं, मुरलेलं, आपल्यासोबत जीव घेऊन आलेलं. ते राहत होते जकार्ताला. हॉमेलना जिथे एक दिवसाआड पाणी बदलावं लागत होतं, त्याच गावी दोनशे वर्षांनी पाणी न बदलण्याची युक्ती निघाली.

गोष्ट अजून संपलेली नाही. १९९८ मध्ये टिमथी होव्हनेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मत्स्यपेटीत नायट्राइट खाणारा मुख्य जीव पाठ्यपुस्तकातला नायट्रोबॅक्टर नव्हे, नायट्रोस्पायरा आहे. गोड्या आणि खाऱ्या टाक्यांतल्या अमोनिया खाणाऱ्यांमध्येही फरक आढळला. २००५ मध्ये तर सिॲटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातल्या एका उष्णकटिबंधी टाकीच्या खडीतून अमोनियावर जगणारा एक सर्वस्वी वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव मिळाला. तो जिवाणूही नव्हता, आर्किया होता. पुढे तसेच जीव महासागरभर अमाप असल्याचं दिसून आलं. मी शिकवत असताना हे बदल येत गेले आणि फळ्यावरची नावं मला पुसावी लागली, याचा मला आनंद आहे.

माझं माहेर अलिबागच्या खारेपाटातलं. तिथे हे सगळं कुणी शिकवलं नव्हतं, तरी खाडीचा मासा पाळायची रीत जुनी आहे. समुद्राचं पाणी बांधानं अडवून काढलेली ती शेतजमीन. बांधाला उघाडी, म्हणजे भरतीला मिटणारं आणि ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडणारं दार. बांध फुटला की पीकही गेलं आणि पुढची काही वर्षंही गेली. घराशेजारी तळं, आणि तळ्यात जिताडा. पावसाळ्याच्या सुमारास खाडीत जिताड्याची पिल्लं येतात, ती धरून आणून तळ्यात सोडायची. जिताडा वितो खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात. पण त्याची पिल्लं खाडीतून वर चढून गोड्या पाण्यातही सुखानं वाढतात. वयात येतो तेव्हा बहुतेक जिताडा नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, हे आमच्या आजोबांना ठाऊक नव्हतं. पण तळ्यात तो कधी विणार नाही आणि दरवर्षी पिल्लं खाडीतूनच आणावी लागणार, हे पक्कं ठाऊक होतं. पाहुणा मोठा असला की तळ्यातला जिताडा निघायचा.

त्या तळ्यांना सायकल करावी लागत नसे, कारण ती कधी नवी नव्हतीच. पिढ्यांचा गाळ तळाशी. तळं उपसलं तरी आजोबा सगळा गाळ काढू देत नसत. “खालचा ऱ्हाऊं दे,” एवढंच म्हणत. गोव्यातल्या खाजन शेतांत हीच व्यवस्था अधिक रेखीव दिसते. तिथे उघाडीला मानस म्हणतात, आत पाणी साठायला पोंय असते, आणि भात, कोळंबी, मासे एकाच बांधाआड नांदतात. गावकऱ्यांनी सामायिक सांभाळलेली ही व्यवस्था पोर्तुगीज येण्याच्या आधीपासूनची आहे. जिताड्याची पिल्लं हॅचरीत तयार करायला शास्त्राला बराच काळ लागला. थायलंडमध्ये १९७० च्या दशकात ते साधलं. आपल्याकडे चेन्नईची निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची केंद्रीय संस्था १९८७ साली स्थापन झाली, आणि १९९७ मध्ये तिला यश आलं.

मुंबईला १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. उद्घाटनाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते. लहानपणी मुंबई बघायला जाणाऱ्या कोकणातल्या प्रत्येक मुलाला ते दाखवलं जाई. काचेआडचा मासा आपण पहिल्यांदा तिथे पाहिला असं सांगणारी माझ्या पिढीची कितीतरी माणसं आहेत. पण घरी टाकी घ्यायची वेळ आली की आणला जातो तो गोल्डफिश, जो चीनचा, किंवा एंजल, जो ॲमेझॉनचा. दाराशी काजळी नदी समुद्राला मिळते आणि तिच्यातला एकही मासा रत्नागिरीच्या दिवाणखान्यात नसतो, याचं मला वाईट वाटतं. मोठ्या शहरांतल्या दुकानांत स्कॅट, मोनो, हिरवा पफर हे खाडीचे मासे विकायला असतात, पण गोड्या पाण्यात ठेवलेले. विकणारा सांगत नाही, घेणाऱ्याला माहीत नसतं. मासा काही महिने झुरतो आणि जातो.

म्हणून माझी टाकी कशी आहे ते सांगते. दोनशे लिटरची. एक घागर समुद्राचं पाणी आणि दोन घागरी विहिरीचं, असं प्रमाण. हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.००८ च्या आसपास येतं. खाडीच्या बहुतेक माशांना १.००५ पासून १.०१५ पर्यंत काहीही चालतं, एकदम बदललेलं चालत नाही. समुद्र जवळ नसेल त्यांनी समुद्री मीठ वापरावं. स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम नाही, कार्बोनेट नाही, आणि त्यांच्यावाचून पाणी टिकत नाही. आमच्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी मऊ आणि किंचित आंबट असतं. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, म्हणजे पाणी आणखी आंबट होत जातं आणि एका टप्प्यावर ते जीव कामच थांबवतात. यावर उपाय त्या फ्रेंच नळीतच आहे. वाळूसोबत चुनखडी. मी कालवांची टरफलं धुऊन, फोडून, वाळूत मिसळते. श्लोझिंगची चुनखडी ती माझी कालवं.

विरजणासाठी खारफुटीच्या मुळांजवळचा चिखल. पण वरचा तपकिरी थरच घ्यायचा, बोटाच्या पेराएवढा. त्याच्या खाली काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा थर लागतो. तिथे हवा नाही आणि आपल्याला हवे ते जीवही नाहीत. हा चिखल फडक्यात बांधून गाळणीत ठेवते, आणि टाकीत कोळंबीचा एक तुकडा सोडते. मासा नाही. कोळंबी कुजते, अमोनिया सुटतो, जिवांना अन्न मिळतं.

मग रोज संध्याकाळी काचनळीत पाणी घेऊन तपासायचं. अमोनियाचं पाणी आधी पिवळं, मग पोपटी, मग गडद हिरवं. एक दिवस हिरवा उतरायला लागतो आणि नायट्राइटची नळी निळ्याची जांभळी होते. इथे लोकांना वाटतं टाकी तयार झाली. तसं नसतं. पहिला जीव कामाला लागला, दुसरा अजून यायचा आहे. वॉरिंग्टन धाकट्यांचे दोन टप्पे इथे डोळ्यांनी दिसतात. खाडीच्या टाकीला एक सवलत आहे, मिठातला क्लोराइड नायट्राइटला माशाच्या कल्ल्यातून आत शिरू देत नाही, त्यामुळे गोड्या टाकीइतका तो घातक ठरत नाही. पण सवलत अमोनियाला लागू नाही. उलट खाडीचं पाणी अल्कधर्मी, आणि अशा पाण्यात अमोनिया जास्त विषारी. जांभळा रंग पुन्हा निळा झाला, आणि अमोनियाही शून्यावर आहे, की मग मासे. गोड्या पाण्यात मुरवलेल्या टाकीत एकदम मीठ ओतून तिला खाडीची टाकी करू नये. जीव दचकतात आणि पुन्हा आठवड्यांची वाट बघावी लागते. खारटपणा वाढवायचा तर थोडा थोडा.

माझ्याकडे काळुंदर आहे, त्याची पिल्लं आमच्या खाडीतले एक मामा आणून देतात. “बाई, ह्यो खायाचा मासा, काचंत ठेवून काय करताव?” असं ते दर वेळी विचारतात, आणि दर वेळी टाकीसमोर पाट ओढून बसतात. सोबत त्याचा छोटा पिवळा भाऊ, नारिंगी क्रोमाइड, केरळात पैदास झालेला. भारतातले मूळचे सिक्लिड मासे तीनच, त्यातले हे दोन. ब्लॉख यांनी १७९० मध्ये एकाला, १७९५ मध्ये दुसऱ्याला शास्त्रात आणलं. दोघांचं नातं विलक्षण आहे. छोटा क्रोमाइड काळुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो आणि काळुंदर पंख ताठ करून त्याच्यासमोर स्थिर उभा राहतो. वायमन आणि वॉर्ड यांनी १९७२ मध्ये हे नोंदवलं. तोच छोटा, संधी मिळाली की काळुंदराची पिल्लं गिळतो. आणि स्वतःची पिल्लं मात्र आई-बाप दोघं मिळून राखतात. पिल्लं त्यांच्या अंगाला घासून जातात, कातडीवरचा चिकट स्राव खातात. हे दृश्य बघायला ॲमेझॉनच्या माशाकडे जायची गरज नाही.

मासे एकदम सोडायचे नाहीत. आधी दोन लहान, मग दोन आठवडे थांबून आणखी. जिवांची संख्या अन्नाप्रमाणे वाढते, अन्न एकदम वाढलं तर त्यांना झेपत नाही. स्कॅट मी ठेवत नाही. तो वीतभर होतो, खातो फार, घाणही तितकीच करतो. निवटीला तर मुळीच आणू नये. तिला चिखलाचा उतार हवा, अर्धा दिवस पाण्याबाहेर बसायला, ते काचेच्या पेटीत कुणी करत नाही. काळुंदरसुद्धा मोठा झाला की मी त्याला परत भाट्याच्या खाडीत सोडते, जिथून आला तिथेच. दुकानातून आणलेला मासा मात्र कधीही खाडीत सोडायचा नाही. चिलापीनं आपल्या नद्यांचं काय केलं ते समोर आहे.

कोकणात खाडीकाठी शेकडो शाळा आहेत. प्रत्येक शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत अशी एक टाकी असावी, असं माझं ठाम मत आहे. खर्च एका कपाटाएवढाही नाही. जूनमध्ये शाळा उघडली की टाकीत पाणी, वाळू, कालवांची टरफलं, चिमूटभर चिखल आणि कोळंबीचा तुकडा घालावा. मुलांनी रोज रंग बघून वहीत लिहावा. मासे कधी आणायचे म्हणून मुलं विचारत राहतील. गणपतीची सुट्टी होऊन शाळा पुन्हा भरेपर्यंत थांबा. मग दोन काळुंदरं आणा, दोनच.